मे महिन्यातलं फ्रान्स आणि शाँबेरीचे हत्ती

मे महिन्यात फ्रान्सला जायचं असेल, तर विमानाच्या तिकिटांआधी तिथल्या सुट्ट्यांची यादी बघावी. मी शाळेत इतिहास शिकवते. मोठ्या प्रवासाला मला उन्हाळ्याची सुट्टीच मिळते आणि नेमका तोच काळ फ्रान्समध्ये सुट्ट्यांनी भरलेला असतो. १ मे हा कामगार दिन. ८ मे हा युरोपातलं दुसरं महायुद्ध संपल्याचा दिवस. मग ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, म्हणजे हमखास गुरुवारी, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण आणि पुढे पेंटेकॉस्टचा सोमवार. ज्या देशाने १९०५ साली कायदा करून चर्च आणि सरकार यांची फारकत केली, त्याच देशाच्या सरकारी सुट्ट्यांत हे कॅथलिक सण आजही आहेत. फ्रेंच राज्यक्रांती मी वर्गात किती वर्षं शिकवते आहे, पण क्रांती झालेला समाज जुन्यातलं काय टाकतो आणि काय जपतो, याचा विचार पहिल्यांदा या यादीने करायला लावला.

आमच्या प्रवासाच्या वर्षी १ मे आणि ८ मे दोन्ही गुरुवारी आले होते. गुरुवारी सुट्टी आली की निम्मं फ्रान्स शुक्रवारची रजा टाकतं आणि चार दिवस सलग बाहेर पडतं. त्या दिवसांत गाड्या भरलेल्या असतात आणि तिकिटांचे दर चढतात. मुलीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मे महिन्याच्या पानावर फ्रान्सच्या सुट्ट्या हिरव्या पेनने लिहिल्या. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय सोमवारी बंद, सोमवारी बरीच छोटी दुकानंही बंद, आणि १ मे रोजी तर जवळजवळ सगळंच बंद. एवढं लिहून झाल्यावर प्रवासाचा निम्मा आराखडा आपोआप तयार झाला. सोमवार गाडीत घालवायचा, चार दिवसांच्या जोडसुट्टीत गाव बदलायचं नाही, आणि लूव्र शुक्रवारी संध्याकाळी बघायचं, कारण शुक्रवारी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं.

या बाबतीत माझं मत ठाम आहे. फ्रान्स बघायचं तर त्यांच्या घड्याळाने बघावं. तिथली माणसं जेवायला कधी बसतात, दुकान कधी मिटतात, सुट्टी कशासाठी घेतात, हे आधी समजून घेतलं की प्रेक्षणीय स्थळांच्या रांगेत उभं राहून कधी कळणार नाही असं बरंच काही समजतं.

घरात यावर चर्चा झाली. नवऱ्याच्या ऑफिसातले दोघे-तिघे एका फेरीत पाच देश करून आले होते, त्यामुळे एवढा खर्च करून एकाच देशात का राहायचं, हा त्याचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, तीन गावं करू, पण प्रत्येक ठिकाणी सकाळचा बाजार, दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा फेरफटका एवढं तरी निवांत मिळेल असं बघू. पॅरिस आणि ल्यों यांवर लगेच एकमत झालं. तिसरं नाव मी सुचवलं, शाँबेरी. आल्प्सच्या पायथ्याचं हे गाव आपल्याकडच्या प्रवाशांच्या यादीत सहसा नसतं. आम्ही पुण्यात वानवडीजवळ राहतो. महादजी शिंद्यांचं स्मारक असलेल्या तिथल्या शिंदे छत्रीवर मुलांच्या सहली मी कित्येकदा नेल्या आहेत. महादजी शिंद्यांची कवायती पलटणं ज्याने उभी केली तो डी बॉईन शाँबेरीचा. हे सांगितल्यावर नवरा म्हणाला, "मग तिथे जायलाच हवं."

व्हिसाचं काम वेळखाऊ असलं तरी सरळ आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आम्ही फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घेतली, कारण मे महिन्यासाठी देशभरातल्या शाळकरी मुलांचे आईबाप एकाच वेळी धडकतात. प्रौढांचं शुल्क ९० युरो, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत लागू असणारा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. बँकेचं स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्र, शाळेचं रजेचं पत्र, राहण्याच्या जागांची आरक्षणं, सगळं एका क्रमाने लावून नेलं. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिन्यांपर्यंतच्या पुढच्या अर्जांसाठी ते वापरता येतात.

अर्जासोबतचं पत्र मात्र मी कुठल्याही नमुन्यावरून उतरवलं नाही, स्वतः लिहिलं. कोणत्या दिवशी कुठे, आणि तिथे का, हे तारखेनिशी मांडताना सगळा बेत माझ्याच डोक्यात स्वच्छ झाला. शाँबेरीसमोर मी लिहिलं, 'मराठा इतिहासाशी संबंधित स्मारक पाहण्यासाठी.' ज्यांना एजंटाकडून सगळं करून घ्यायचं असेल त्यांनी खुशाल घ्यावं, पण हे एक पत्र आपलं आपण लिहावं.

भाषेची तयारी मुलीमुळे झाली. पुण्यात फ्रेंच शिकणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या मावश्या-काकू प्रत्येक घरात एखादी तरी सापडते, आणि आता अकरावी-बारावीला गुणांसाठी फ्रेंच घेणारी मुलंही खूप. आमची लेकही त्यांतलीच. पुढे तिला गोडी लागली आणि तिने अलियाँस फ्राँसेझच्या वर्गांना नाव घातलं. जानेवारीपासून रात्रीच्या जेवणाच्या वेळी ती आमचा वर्ग घ्यायची. तिचा पहिला नियम असा होता की दुकानात, बेकरीत, लिफ्टमध्ये, बसमध्ये चढताना आधी 'बोंझूर', मग बाकीचं. "बाबा, थेट किंमत विचारायची नाही. आधी नमस्कार, मग मादाम किंवा मस्य, मग प्रश्न." निघताना आभार आणि निरोप. नवऱ्याने हे इतकं मनावर घेतलं की सोसायटीच्या वॉचमनकाकांनाही तो रोज थांबून नमस्कार करायला लागला.

पॅरिसमध्ये या नियमाची किंमत कळली. फ्रेंच लोक तुसडे असतात असं आम्हाला अनेकांनी सांगून पाठवलं होतं. मला तसा अनुभव कुठेच आला नाही. दुकानात शिरणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने कुणाच्या तरी जागेत पाऊल टाकणं. नमस्कार न करता बोट दाखवून "हे किती?" विचारणारा त्यांना उद्धट वाटतो आणि मग तेही तुटक बोलतात. आम्ही तिघं नमस्कार करून आत गेलो की मोडक्यातोडक्या फ्रेंचलाही उत्तर मिळायचं, बरेचदा हसून.

राहायला आम्ही बाराव्या विभागातली जागा निवडली. आयफेल टॉवरपासून हा भाग लांब आहे, पण दोन गोष्टी हाताशी होत्या. ल्योंची गाडी जिथून सुटते ते गार द ल्यों स्टेशन, आणि अलिग्रचा बाजार. अलिग्रचा बाजार सोमवार सोडून रोज सकाळी भरतो. रस्त्यावर भाजी-फळांचे गाळे, बाजूला जुनी छपराची मंडई. तिथे टोमॅटो दाबून बघायचा नसतो, विक्रेता स्वतः निवडून देतो. आज खायचा की उद्या, एवढंच तो विचारतो, आणि त्याप्रमाणे पिकलेला किंवा थोडा कच्चा काढून देतो. मंडईत भाजी चिवडण्यात उभं आयुष्य गेलेल्या मला हे सुरुवातीला अवघड वाटलं, पण त्याने निवडलेली जर्दाळू आणि स्ट्रॉबेरी अप्रतिम निघाली.

तिथून जवळच जुन्या रेल्वेच्या पुलावर केलेली बाग आहे. बास्तीलहून निघणारी ही रेल्वे १९६९ मध्ये बंद पडली. तिचा कमानींचा पूल पाडण्याऐवजी त्यावर झाडं लावून आणि पुढच्या जुन्या मार्गाने नेऊन साडेचार किलोमीटरहून लांब पायवाट केली आणि खालच्या कमानींत कारागिरांची दुकानं आली. न्यूयॉर्कची हाय लाइन पुष्कळ नंतरची. रोज संध्याकाळी आम्ही त्या पुलावरून चालायचो. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून घरांच्या खिडक्या, कुंड्या, वाचत बसलेली माणसं दिसायची.

१ मे आम्ही मुद्दाम पॅरिससाठी ठेवला होता. आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकत्र येतात, त्यामुळे ही तारीख माझ्या मनात हुतात्मा चौकाशी जोडलेली आहे. आंतरराष्ट्रीय कामगार दिनाचा ठराव झाला तो मात्र पॅरिसमध्येच, १८८९ साली, समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत. फ्रान्सच्या सगळ्या सार्वजनिक सुट्ट्यांत कायद्याने सक्तीची भरपगारी सुट्टी फक्त ही एकच. त्या दिवशी रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर लोक लिली ऑफ द व्हॅलीचे छोटे गुच्छ विकत होते. पांढरी, घंटेसारखी फुलं आणि दरवळणारा वास. एरवी फुलं विकायला परवाना लागतो, पण या दिवशी कुणीही ही फुलं विकू शकतो. शाळकरी मुली टेबल मांडून बसल्या होत्या, एक आजोबा आपल्या बागेतली फुलं बादलीत घेऊन उभे होते. ही फुलं एकमेकांना द्यायची असतात. आम्हीही घेतली आणि घरमालकीणबाईंना दिली, तेव्हा त्यांनी आम्हाला पहिल्यांदाच आत बोलावून कॉफी दिली.

दुपारी कामगार संघटनांचा मोर्चा पाहिला. बॅनर, ढोल, गाणी, खांद्यावर मुलं घेतलेले आईबाप. तिथे मला ऑगस्टचं कोडं उलगडलं. ऑगस्टमध्ये पॅरिसमधली कितीतरी दुकानं पाटी लावून आठवडेच्या आठवडे बंद असतात, याचं आपल्याकडच्या लोकांना नवल वाटतं. भरपगारी रजेचा हक्क तिथे १९३६ मध्ये, लेआँ ब्लूमच्या आघाडी सरकारच्या काळात, देशभरातल्या संपांनंतर मिळाला. तेव्हा दोन आठवडे, १९८२ पासून पाच. ही सुट्टी त्यांना मालकाने मेहेरबानी म्हणून दिलेली नाही, आजोबा-पणजोबांनी भांडून मिळवलेली आहे. म्हणून तिचा आब ते राखतात. रविवारी दुपारी बंद दुकानासमोर उभं राहून चिडणाऱ्या पर्यटकांना हे कुणीतरी सांगायला हवं असं मला फार वाटलं.

आता खाण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण निघण्याआधी सगळ्यांत जास्त प्रश्न मला याचेच होते. आम्ही तिघंही अंडं खातो, मांस-मासे नाही. फ्रान्समध्ये उपाशी राहावं लागत नाही, पण नीट विचारावं लागतं. कांद्याचं सूप दिसायला शाकाहारी, पण ते बहुधा गोमांसाच्या अर्कात शिजवलेलं असतं. सॅलडमध्ये किंवा अंड्याचं सारण भरून भाजलेल्या 'कीश'मध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे टाकायची पद्धत आहे, आणि काही थंड गोडांत जिलेटिन असतं. चीजचा मुद्दा त्याहून नाजूक. काँते, बोफोर यांसारखी पारंपरिक चीजं वासराच्या पोटातल्या रेनेटने दूध विरजून करतात. मी ती खाल्ली नाहीत, नवऱ्याने आणि लेकीने खाल्ली. ज्याचं त्याने ठरवावं, पण माहीत असू द्यावं. मुलीने चार वाक्यांची एक चिठ्ठी फ्रेंचमध्ये लिहून ठेवली होती. मांस नको, मासे नको, मांसाचा अर्क नको, अंडं आणि दूध चालेल. ही चिठ्ठी दाखवल्यावर एकाही वेटरने कपाळाला आठी घातली नाही. उलट एकाने आत जाऊन आचाऱ्याला विचारून येऊन सांगितलं की सूप घेऊ नका, दुसरं काहीतरी करून देतो.

पोटभरीचा हुकमी उपाय म्हणजे गालेत. मोंपार्नास स्टेशनच्या आसपास गालेतची दुकानं एकमेकांना लागून आहेत. ब्रिटनी प्रांताच्या गाड्या त्या स्टेशनात येतात, आणि तिकडून आलेल्या लोकांनी आपलं खाणं तिथेच मांडलं. कुट्टूच्या पिठाचं पातळ, कडेला जाळीदार, आपल्या घावनासारखं, मध्ये चीज आणि अंडं घालून चारी बाजूंनी दुमडलेलं. मांस नको म्हटलं की मशरूम किंवा पालक घालून देतात.

आणि ब्रेड. सकाळी बेकरीसमोर रांग असते आणि ती भराभर पुढे सरकते. नुसतं 'बागेत', म्हणजे लांबट फ्रेंच पाव, मागण्याऐवजी 'त्रादिस्यों' मागावं. १९९३ च्या सरकारी आदेशानुसार त्या नावाच्या ब्रेडमध्ये पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण यापलीकडे कृत्रिम काही घालता येत नाही, आणि कणीक गोठवून ठेवता येत नाही. १९९८ पासून तर जो कणीक तिथेच मळतो आणि तिथेच भाजतो, त्यालाच दुकानावर बेकरीची पाटी लावता येते. २०२२ मध्ये 'बागेत' पाव करण्याची कारागिरी युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. रोजच्या पावासाठी कायदे करणारा समाज मला मनापासून आवडला. जेवताना हा पाव ताटलीत ठेवत नाहीत, टेबलावरच ताटलीच्या शेजारी ठेवतात आणि हाताने मोडून खातात. चीज येतं ते मुख्य पदार्थानंतर आणि गोडाच्या आधी. कॉफी सगळ्यांत शेवटी, गोडाबरोबर नाही.

जेवणाच्या वेळा पक्क्या. दुपारी बारा ते दोन, रात्री सात-साडेसातनंतर. मधल्या वेळात बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद. त्यामुळे आमचा दिवस जेवणाभोवती आखला, संग्रहालयाभोवती नाही. साधं नळाचं पाणी सुरईतून मागितलं की फुकट मिळतं, बाटली घ्यायची गरज नाही. सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं. बिल मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही, कारण टेबल तुमचं आहे, उठवणं हा अपमान. एका दुपारी शेजारच्या टेबलावर चार वृद्ध मैत्रिणी बारा वाजता बसल्या होत्या. आम्ही उठलो तेव्हा त्यांचं चीज आलं होतं. फ्रेंच भोजनपद्धती २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली ती पाककृतींसाठी नव्हे, एकत्र बसून क्रमाने जेवण्याच्या या रीतीसाठी. त्या चौघींकडे पाहून ते पटलं.

लूव्रबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी लिहीत नाही. ओर्सेला महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, वेळ मात्र आधी आरक्षित करावी लागते. ही इमारत १९०० साली रेल्वे स्टेशन म्हणून बांधली आणि १९८६ मध्ये तिचं संग्रहालय झालं. नोत्र दाम कॅथीड्रल २०१९ च्या आगीनंतर २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उघडलं. आतला दगड धुऊन इतका उजळ झाला आहे की जुन्या फोटोंतली काळोखी वास्तू हीच का असं वाटतं.

सोमवारी ठरल्याप्रमाणे गाडी. पॅरिस-ल्यों हा फ्रान्सच्या वेगवान रेल्वेचा पहिला मार्ग, १९८१ मध्ये सुरू झालेला. साधारण दोन तास लागतात. गाडीचा फलाट निघण्यापूर्वी वीसेक मिनिटंच जाहीर होतो आणि दारं वेळेच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, त्यामुळे सामान बेताचं असलेलं बरं.

ल्योंमध्ये मला बघायची होती क्रुआ-रूसची टेकडी, म्हणजे रेशीम विणकरांची वस्ती. तिथे त्यांना कानू म्हणत. घरांची छतं चार मीटर उंच, कारण ल्योंच्याच जोसेफ-मारी जाकारचा १८०४ चा माग तेवढा उंच होता. घर आणि कारखाना एकाच खोलीत. कानूंच्या संग्रहालयात माग चालवून दाखवतात. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरते आणि कोणता धागा उचलायचा ते भोक ठरवतं. येवल्यात मी पैठणीचा पदर विणताना पाहिला आहे. तिथे रंगारंगाच्या लहान कांड्या घेऊन विणकर मोर बोटांनी मोजत भरतो. इथे मोर पुठ्ठ्यात लिहिलेला. दाखवणाऱ्या बाईंना मुलीने येवल्याबद्दल सांगितलं, तर त्यांनी माग थांबवून मला पैठणीचे फोटो दाखवायला लावले. काठ उलटसुलट दोन्ही बाजूंनी सारखा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. मी जमेल तसं समजावलं, लेकीने फ्रेंच केलं, आणि बाकीचे प्रेक्षकही त्यात सामील झाले.

याच कानूंनी १८३१ मध्ये विणलेल्या कापडाला किमान दर मिळावा म्हणून उठाव केला आणि काही दिवस शहर ताब्यात ठेवलं. टेकडीवरून खाली उतरायला इमारतींच्या आतून जाणारे बोळ आहेत, त्राबूल. रेशमाचे तागे पावसात न भिजता नेता यावेत म्हणून त्यांचा उपयोग व्हायचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या भूमिगतांना ते कामी आले. आजही तिथे लोक राहतात. दार ढकलून आत जायचं, पण आवाज न करता, कारण वर कुणाचं तरी बाळ झोपलेलं असू शकतं. एका इमारतीच्या भिंतीवर या वस्तीचं अवाढव्य चित्र आहे. १९८७ मध्ये काढलं, १९९७ आणि २०१३ मध्ये पुन्हा रंगवलं, आणि प्रत्येक वेळी त्यातली माणसं तेवढ्या वर्षांनी मोठी झालेली दाखवली.

ल्योंचं पारंपरिक जेवण जवळपास सगळं मांसाहारी. आमच्या वाट्याला आलं ते विणकरांचंच खाणं. ताज्या मऊ चीजमध्ये लसूण, छोटे कांदे आणि हिरवी पात कालवून, पावाबरोबर आणि उकडलेल्या बटाट्याबरोबर. ते आम्ही तिथे होतो तोवर रोज खाल्लं. ल्योंमध्येच ल्युमिए बंधूंचा कारखाना होता, जिथे १८९५ मध्ये त्यांनी आपला पहिला चित्रपट टिपला. त्या रस्त्याला 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता' असंच नाव आहे. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, त्यांची चित्रं मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली.

बुधवारी संध्याकाळी शाँबेरीला पोचलो. दुसऱ्या दिवशी ८ मे. सकाळी युद्धस्मारकापाशी समारंभ होता. पट्टे ल्यालेले नगरपालिकेचे लोक, हातात झेंडे धरलेले अगदी म्हातारे माजी सैनिक, पुष्पचक्रं, आणि मुलांनी म्हटलेलं राष्ट्रगीत. अशी स्मारकं फ्रान्सच्या लहानात लहान खेड्यातही आहेत, आणि पहिल्या महायुद्धातल्या मृतांची नावं त्यांवर कोरलेली असतात. एका आडनावाखाली चार-चार नावं दिसली की पुढे वाचवत नाही.

आणि मग हत्ती. रस्त्याच्या वळणावर अचानक समोर येतात. चार ओतीव लोखंडी हत्ती, पाठी एकमेकांना लागलेल्या, तोंडं चार दिशांना, सोंडेतून पाणी, आणि मधल्या उंच स्तंभावर डी बॉईन उभा. हत्तींचा फक्त पुढचा भाग दिसतो, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना प्रेमाने 'बिनबुडाचे चौघे' असं नाव ठेवलं आहे. १८३८ सालचं हे कारंजं ग्रनोब्लचा शिल्पकार सापे याने केलं.

बेन्वा द बॉयन, आपल्या पुस्तकांतला डी बॉईन, १७५१ मध्ये या गावात एका चामड्याच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. शाँबेरी तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतंच. साव्हॉय प्रांत सार्डिनियाच्या राजाकडे होता आणि कायमचा फ्रान्सला जोडला गेला तो १८६० मध्ये. फ्रान्सच्या सैन्यात नोकरी, रशियाकडून लढताना तुर्कांची कैद, मग मद्रासला कंपनीची चाकरी, आणि शेवटी १७८४ मध्ये महादजी शिंद्यांकडे. सालबाईच्या तहानंतर महादजींना उत्तरेत पाय रोवायचे होते आणि बंदूक-संगिनीची शिस्तबद्ध पायदळं हवी होती. डी बॉईनने ती घडवली. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथले विजय या पलटणांचे. १७९४ मध्ये महादजी वानवडीला वारले. पुढे डी बॉईन प्रचंड संपत्ती घेऊन युरोपात परतला आणि आयुष्याची अखेरची वर्षं त्याने ती या गावावर खर्च केली. रुग्णालय, नाट्यगृह, आणि कमानींचा एक देखणा रस्ता, जो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

त्या कमानींखाली मी बराच वेळ उभी होते. दोआबातल्या जहागिरीचा वसूल इथे दगड झाला आहे, हे मला वर्गात शिकवताना कधी जाणवलं नव्हतं. कोणाच्या शेतातला पैसा होता तो? अभिमान आणि अस्वस्थता दोन्ही एकदम वाटलं, आणि दोन्ही खरं आहे.

कारंज्यासमोरच्या कॅफेत बसलो होतो. मालकीणबाईंनी कुठून आलात विचारलं. लेकीने सांगितलं की हे गृहस्थ ज्यांच्याकडे नोकरीला होते त्यांची छत्री आमच्या घरापासून चालत जाता येईल इतकी जवळ आहे. त्या थबकल्या. मग शेजारच्या टेबलावरच्या वयस्क जोडप्याला हाक मारून त्यांनी ते पुन्हा सांगितलं. आजोबा म्हणाले, लहानपणापासून रोज हे हत्ती बघतो, पण ज्याची चाकरी केली त्या राजाचं नाव आम्हाला कुणी शिकवलं नाही. मी वहीत देवनागरीत आणि रोमन लिपीत 'महादजी शिंदे' लिहून दिलं. त्यांनी दोन-तीनदा उच्चार करून पाहिला, आणि मग छत्रीचे फोटो बघत आमच्याशी तासभर बोलत बसले.

पॅरिस आणि ल्यों करणाऱ्या मराठी माणसाने शाँबेरीसाठी निदान एक दिवस काढावा. ल्योंहून साधी प्रादेशिक गाडी दीड तासाच्या आत पोचवते. स्टेशनापासून कारंजं चालत दहा-पंधरा मिनिटांवर. शनिवारी गेलात तर सकाळचा बाजार मिळेल. गावाबाहेर, चढावर अर्ध्या तासाच्या चालीवर ले शार्मेत नावाचं घर आहे. 'सामाजिक करार' लिहिणारा रूसो तरुणपणी तिथे मादाम द वारेंसबरोबर राहायचा. घरामागची बाग पायऱ्यापायऱ्यांची आहे आणि तिथून डोंगर दिसतात. वेळ उरला तर एक्स-ले-बँ हे तळ्याकाठचं गाव गाडीने अगदी जवळ आहे. पण निघण्याआधी एकदा वानवडीला जाऊन छत्री नीट बघून घ्या, आणि फोनमध्ये तिचे फोटो ठेवा. शाँबेरीत ते दाखवायला लागतील.